समीकरणांची मशागत

कापसाचे तंतुविरहित बियाणे पाकिटांतून मिळू लागण्यापूर्वी आपल्या वऱ्हाडात सरकी पेरण्याची एक ठरलेली रीत होती. सरकीच्या अंगावर बारीक लव असते. ती तशीच मुठीत घेतली तर दाण्याला दाणा चिकटतो आणि पेरताना गठ्ठ्याने पडतो. म्हणून शेतकरी ती सरकी शेण, माती व थोडे पाणी यांत घोळून चांगली चोळीत व सुकवीत. लव अंगासरशी बसे, दाणा सुटा होई आणि सरत्यातून एकेक करून तासात उतरे. या संस्काराने सरकीची जात बदलत नसे आणि येणारे पीकही तेच असे. पेरणी मात्र सुखाने होई. मोठी व अवघड समीकरणे संगणकाकडून सोडवून घेण्यापूर्वी त्यांवर याच जातीचा एक संस्कार करावा लागतो. इंग्रजी जाणणारे त्याला प्रीकंडिशनर म्हणतात. शेतीच्या भाषेत पूर्वमशागत हा शब्द आपल्याकडे रूढच आहे, तोच आम्ही येथे वापरणार आहोत.

विषय रुक्ष वाटेल, हे आम्ही जाणून आहो. तथापि या मशागतीवर काय अवलंबून असते ते पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानात येईल. त्यासाठी कोयनेचे उदाहरण घेऊ.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरच्या परिसरात मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता सहाहून अधिक होती व मृतांची संख्या पावणेदोनशेच्या आसपास गेली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले, परंतु त्याच्या वरच्या भागात, जेथे मागील अंगाचा उतार एकदम बदलतो त्या पातळीजवळ, दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. आराखडा करताना भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या शेकडा पाच एवढा धरलेला होता. धरणातील यंत्राने नोंदलेला कमाल धक्का गुरुत्वाच्या जवळजवळ निम्मा निघाला. हे दोन आकडे सरळ एकासमोर एक मांडण्याजोगे नाहीत, कारण पहिला स्थिर मानलेला जोर आहे व दुसरा क्षणिक झटका. तरीही अंतर केवढे होते याची कल्पना त्यावरून यावी. १९७३ साली अनिल चोप्रा व चक्रवर्ती यांनी संगणकाच्या साहाय्याने या धरणाचे गणित केले, तेव्हा उतार बदलतो त्याच भागात ताण एकवटतो व तो काँक्रीटला न झेपण्याइतका होतो असे दिसून आले. तेव्हापासून जगात कोठेही काँक्रीटच्या धरणाचे भूकंप-गणित करणारी नवी पद्धत निघाली की ती बहुधा कोयनेवर पारखून पाहतात. धरणाची मापे ठाऊक आहेत, धक्क्याची नोंद हाती आहे आणि भेगा कोठे पडल्या तेही माहीत आहे. असा तिहेरी पुरावा फार थोड्या धरणांच्या बाबतीत मिळतो.

आता या गणितातली खरी अडचण पाहू. भूकंपात एकटे धरण हलत नाही. धरण हलले की मागचे पाणी हलते. पाणी हलले की ते धरणाला उलट दाबते. पायाखालचा खडक दोघांना हलवतो आणि दोघांच्या हालचालीने स्वतःही थोडा वाकतो. काँक्रीटचे वाकणे एका शास्त्राचा विषय, पाण्यातील दाबाच्या लहरी दुसऱ्याचा, आणि सच्छिद्र खडकातून पाणी झिरपणे तिसऱ्याचा. पहिल्यात अज्ञात राशी मिलिमीटरांत मोजावयाची, दुसऱ्यात दाबाच्या लाखांच्या आकड्यांत, आणि तिसऱ्याचा वेळ सेकंदांत न मोजता महिन्यांत मोजावा लागतो. अशी अनेक भौतिक शास्त्रे एकाच वेळी गुंतलेल्या घटना संगणकावर घडवून पाहणे यास मल्टिफिजिक्स म्हणतात. आपण त्यास जोडगणित म्हणू.

जुन्या अभियंत्यांनी या जोडीतून सुटण्याची युक्ती काढली होती. १९३३ साली वेस्टरगार्ड यांनी धरण अगदी ताठ आहे असे धरून पाण्याचा भूकंपातील दाब काढला आणि तेवढे वजनच जणू धरणाला चिकटले आहे असे मानून हिशेब करावा असे सुचविले. पाण्याचे समीकरणच त्यामुळे बाजूला पडले. कागद-पेन्सिलीच्या काळात ही युक्ती फारच उपयोगी ठरली व अजूनही पहिल्या अंदाजास ती चालते. पण धरण वाकते, भेग उघडते व मिटते, आणि पाणी दाबले जाते, हे सर्व एकत्र पाहावयाचे तर जोडगणिताला पर्याय नाही.

असे गणित मांडताना धरण, पाणी व खडक यांचे बारीक तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांवरील विस्थापन व दाब ही अज्ञाते धरतात. लाखोंनी, कधी कोटींनी समीकरणे तयार होतात. त्यांचे सहगुणक एका चौकोनी कोष्टकात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, बसतात. शाळेत आपण दोन समीकरणांतून एक अज्ञात काढून टाकण्यास शिकलो. त्याच रीतीने लाखो समीकरणे सोडवू गेल्यास, भरगच्च कोष्टकासाठी, अज्ञाते दुप्पट केली की काम आठपट होते. प्रत्यक्षातील कोष्टकात बहुतेक घरे शून्याची असल्यामुळे थोडी सवलत मिळते, पण सोडविता सोडविता ती शून्ये भरत जातात व यंत्राची स्मृती संपून जाते.

दुसरा मार्ग चुकत चुकत सुधारण्याचा. अंदाजे उत्तर धरावे, ते समीकरणांत घालून किती शिल्लक उरते ते पाहावे, त्या शिलकेवरून अंदाज सुधारावा आणि अशा फेऱ्या मारीत जावे. गाउसने १८२३ साली आपला शिष्य गेर्लिंग यास पत्र लिहून याच जातीच्या रीतीची शिफारस केली होती. १९५२ साली हेस्टेनिस व श्टिफेल यांनी फेऱ्यांची जी पद्धत प्रसिद्ध केली ती आजही घरोघर, म्हणजे प्रयोगशाळोगणिक, चालते. मात्र किती फेऱ्या लागतील हे कोष्टकाच्या प्रकृतीवर अवलंबून असते. एका ओळीत मिलिमीटर व दुसरीत लाखांचे दाब अशी विषमता असली, किंवा दोन भाग एकमेकांस फार घट्ट बांधलेले असले, तर फेऱ्या संपतच नाहीत. तेव्हा मूळ कोष्टकाच्या जवळपास जाणारे पण सोडविण्यास सोपे असे दुसरे कोष्टक घेऊन, प्रत्येक फेरीत शिल्लक आधी त्यातून काढावी लागते. हीच पूर्वमशागत. या अर्थाचा इंग्रजी शब्द ॲलन ट्युरिंग यांनी १९४८ च्या आपल्या निबंधात वापरला आहे.

घट्ट बांधणी म्हणजे काय, हे दोन समीकरणांवरूनही कळते. क्ष हे धरणाचे हलणे व य हा पाण्याचा दाब असे समजा. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत.

पहिले समीकरण: क्ष अधिक ०.१ य बरोबर १.१. दुसरे: ०.१ क्ष अधिक य बरोबर १.१. दोघांचे उत्तर १ आहे. य शून्य धरून पहिल्यातून क्ष काढला तर १.१ येतो, तो दुसऱ्यात घातला तर य ०.९९ येतो. पहिल्याच फेरीत शेकडा एकाची चूक, आणि तिसऱ्या फेरीअखेर य मधील चूक दहा लाखांत एक. येथे धरणवाल्याने धरणाचे गणित करावे, पाणीवाल्याने पाण्याचे करावे आणि दोघांनी निरोप पाठवीत राहावे, एवढे पुरते.

आता ०.१ च्या जागी ०.९ घाला व उजवीकडे १.९ लिहा. उत्तर पुन्हा १ च आहे. पण पहिल्या फेरीत य येतो ०.१९, दुसरीत ०.३४३९, आणि दहा फेऱ्या मारूनही तो ०.८८ च्या आसपासच असतो. प्रत्येक फेरीत चूक फक्त ०.८१ पट होते. आणखी पुढे जाऊन ०.९ ऐवजी १.१ घातले, उजवीकडे २.१ लिहिले, तर य पहिल्यांदा उणे ०.२१ व दुसऱ्यांदा उणे ०.४६ येतो. उत्तराकडे जाण्याऐवजी गणित त्याच्यापासून पळू लागते. दोन्ही तज्ज्ञ आपापल्या घरी बरोबरच होते. निरोपांच्या वाटेवर मात्र घोटाळा झाला.

यावर उपाय असा की, दुसरे समीकरण सोडविताना पाण्याचा स्वतःचा सहगुणक १ न धरता, पाण्याने धरणास ढकलावे व धरणाने ते परत पाण्यावर उलटवावे या परतफेडीचा भाग, ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१, त्यातून आधीच वजा करावा. उरतात ०.१९. उजवीकडेही तसेच केले की १.९ उणे १.७१, म्हणजे ०.१९ उरतात. य एका झटक्यात १ येतो. या उरलेल्या ०.१९ ला शूर पूरक असे नाव आहे. नाव ऐकून ते आपल्याकडचे वाटेल, पण ते इसाई शूर या गणितज्ञाचे आहे. त्यांचा संबंधित निबंध १९१७ चा.

दोन समीकरणांत हे हातचे काम झाले. खऱ्या गणितात १ व ०.९ यांच्या जागी लाखो ओळींची कोष्टके असतात आणि त्यांचा शूर पूरक जवळजवळ भरगच्च निघतो. तो तंतोतंत मांडणे परवडत नाही, म्हणून त्याची स्वस्त नक्कल करावी लागते. ही नक्कल कशी असावी हे त्या त्या भौतिक शास्त्रावर ठरते. भूकंपाचे फार बारीक क्षण घेऊन पुढे गेले तर जडत्वाचा भाग प्रबळ होतो आणि साधी नक्कल भागते. खडकातील संथ झिरपा मोजावयाचा तर ती भागत नाही. भेग मिटलेली असताना जी मशागत उत्तम चालते ती भेग उघडताच लंगडी पडते.

यंत्र बदलले तरी हीच गत. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा संगणक सिद्ध केला, तो चौसष्ट ट्रान्स्प्युटरांनी एकाच वेळी काम करण्याच्या तत्त्वावर होता. त्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. त्यांच्या जन्माच्या वेळी आपला वाशीमही अकोला जिल्ह्यातच होता. तो वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. मशागतीच्या ज्या रीतींत दुसऱ्या ओळीला पहिलीची व तिसरीला दुसरीची वाट पाहावी लागते, त्या एकट्या यंत्रावर गुणकारी असतात. चौसष्ट जणांच्या ताफ्यात मात्र एक काम करतो व त्रेसष्ट बसून राहतात.

तेव्हा कोणती मशागत योग्य हे गणित मांडणाऱ्यास आधी कळणे बहुधा शक्य नसते. करून पाहावे लागते. आणि येथेच सॉफ्टवेअरच्या, म्हणजे आज्ञावलीच्या, रचनेचा प्रश्न येतो. पूर्वीच्या अनेक आज्ञावलींत धरणाचे शास्त्र, पाण्याचे शास्त्र व सोडवणुकीची रीत ही सारी एकाच विणीत विणलेली असत. रीत बदलावयाची तर सारे वस्त्र उसवावे लागे. ज्याने ती लिहिली तो सेवानिवृत्त झाला की उसवण्याचेही धैर्य कोणात नसे.

याचा परिणाम केवळ वेळ वाया जाण्यापुरता राहिला असता तर आम्ही तो विषय येथे आणलाच नसता. भेग उघडण्याच्या नेमक्या क्षणी फेऱ्या संपेनाशा झाल्या आणि मशागत बदलण्याची सोय नसली, तर माणूस काय करतो? तो प्रश्नच सोपा करतो. पाणी दाबले जात नाही असे धरतो, भेग वगळतो, खडक ताठ मानतो, नाहीतर चुकीची मर्यादा सैल करतो. वखर चालत नाही म्हणून ज्वारीचे वावर पडीक ठेवावे, तसे हे झाले. अहवालात मात्र उत्तर नेहमीच्याच आत्मविश्वासाने छापले जाते. त्या उत्तरावर धरणात किती पाणी साठवावयाचे व कोठे टेकू द्यावयाचा हे ठरणार, आणि खालच्या गावांतील माणसे त्यावर विसंबून झोपणार. आमच्या मते ताठर आज्ञावलीचा सर्वांत मोठा दोष हाच आहे.

शेतकऱ्याने हा प्रश्न आपल्यापुरता केव्हाच सोडविला आहे. बैलजोडी तीच, जू तेच, आणि त्याला आज वखर, उद्या तिफण, परवा डवरा जुंपतो. ट्रॅक्टर आला तेव्हाही हॅरी फर्ग्युसनच्या तीन बिंदूंच्या जोडणीने तेच साधले. औत कोणत्याही कारखान्याचे असो, तीन खुंट्या बसल्या की झाले. आज्ञावलीतील जू म्हणजे एक साधा करार आहे. बाहेरची फेऱ्यांची रीत म्हणते, ही घे शिलकेची रांग. आतील मशागत म्हणते, ही घे सुधारणेची रांग. आत काय चालले ते बाहेरच्याने विचारावयाचे नाही व बाहेर कोण आहे ते आतल्याने विचारावयाचे नाही. एवढा करार पाळला की मशागतीच्या पोटात दुसरी मशागत ठेवता येते. पूर्ण जोडगणितासाठी एक, तिच्या आत धरणाच्या भागासाठी बारीक-जाड जाळ्यांची रीत, पाण्याच्या भागासाठी निराळी, आणि शूर पूरकाच्या नकलेसाठी आणखी तिसरी.

भौतिक शास्त्राची बाजू लिहिणाऱ्याने दोन पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. पहिले हे की, कोणती अज्ञाते विस्थापनाची, कोणती दाबाची, हे नावानिशी सांगावे. नावे नसतील तर भाग वेगळे काढणार कसे? दुसरे पथ्य थोडे सूक्ष्म आहे. कोष्टक एकसंध ठेवावयाचे की खणाखणांनी, हे शास्त्राच्या बाजूने आधीच ठरवून टाकू नये. काही रीतींना सबंध कोष्टक हवे असते तर काहींना खण सुटे लागतात. मागणी येईल तसे द्यावे. आम्हांस तर साऱ्या रचनेची मेख या दुसऱ्या पथ्यात आहे असे वाटते.

या तत्त्वावरील सर्वांत परिचित आज्ञावली-संग्रह म्हणजे शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात आकारास आलेला पेट्सी. सँडिया येथील ट्रिलिनोसही त्याच वाटेचा. पेट्सीत मशागतीची निवड आज्ञावली लिहिताना न करता ती चालू करताना, सोबत दिलेल्या चार शब्दांनी करता येते. जेड ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली जोडगणितासाठी एकात एक बसणाऱ्या अशा सोडवणुकींची मांडणी निबंधरूपाने केली. सकाळी निरोपांची साधी रीत, दुपारी शूर पूरक, संध्याकाळी दोन्हींचा संकर, असे एकाच दिवसात पाहता येते, आणि धरणाच्या समीकरणांची एक ओळही हलवावी लागत नाही. हा संग्रह विनामूल्य आहे. लहान गणितासाठी तो घरच्या संगणकावरही चालतो.

स्वातंत्र्याबरोबर काही फसवे खड्डेही येतात. त्यांतले दोन सांगितलेच पाहिजेत. मशागतीने उत्तर बदलत नाही असे आम्ही प्रारंभी सुचविले, ते फेऱ्या खरोखर शेवटास गेल्या तरच खरे. काही पद्धतींत शिल्लक मशागतीतून काढल्यानंतर मोजली जाते. मशागत वाईट असेल तर ती शिल्लक लहान दिसते व मूळ समीकरणांतील शिल्लक मोठीच असते. वजनकाट्याचे पारडेच जड असावे, तशातला हा प्रकार. म्हणून शेवटी मूळ समीकरणांत उत्तर घालून खरी शिल्लक पाहावी, आणि मिलिमीटरांची व दाबांची वेगवेगळी पाहावी. दुसरा खड्डा असा की, मशागतीच्या पोटात आणखी फेऱ्या असतील तर ती दर खेपेस थोडी बदलते. बाहेरच्या जुन्या पद्धती मात्र ती न बदलणारी आहे असे गृहीत धरून रचलेल्या आहेत. यूसेफ साद यांनी १९९३ साली अशी बदलती मशागत सोसणारी पद्धत दिली. आत फेऱ्या असल्यास बाहेर ती किंवा तिच्या जातीची घ्यावी.

कोयना आपल्यापासून दूर आहे, व वाशीमला काँक्रीटचे उंच धरण नाही. परंतु एकबुर्जीचे पाणी पिणाऱ्यांना धरण हा विषय परका नाही. विदर्भातील मध्यम व लघु प्रकल्प बहुतांशी मातीच्या भरावाचे आहेत, आणि मातीच्या भरावात जोडगणित अधिकच घट्ट असते. भरावाच्या कणांमध्ये पाणी असते. ते पाणी कणांना अलग रेटते व मातीची पकड कमी करते. माती दबली की पाण्याचा दाब वाढतो, पाणी निचरले की माती बसते. या जोडीची समीकरणे बिओ यांनी १९४१ साली मांडली. जलाशय सावकाश रिता केला तर भरावातील पाण्यास बाहेर पडण्यास वेळ मिळतो. पातळी एकदम उतरली तर बाहेरचा आधार जातो व आतला दाब तसाच राहतो. मग पाण्याकडील उतार घसरण्याची भीती असते. आपल्या काळ्या जमिनीतील घरांच्या भिंती उन्हाळ्यात तडकतात व पावसाळ्यात पुन्हा हलतात, तेथेही ओल आणि मातीचे फुगणे यांची अशीच जोडी आहे.

समजा, कोयनेसाठी लिहिलेली लवचिक आज्ञावली कोणी अशा भरावासाठी घेतली. काँक्रीटच्या जागी माती येईल, लहरींच्या जागी झिरपा येईल, सेकंदांच्या जागी दिवस येतील. विस्थापन व दाब ही दोन नावे तीच राहतील आणि दोघांमधला करारही तोच राहील. शूर पूरकाची जुनी नक्कल मात्र चालणार नाही. चिकण काळी माती पाणी फार हळू सोडते, म्हणून दाबाच्या स्वतःच्या कोष्टकात जवळजवळ काहीच उरत नाही आणि सारा भार परतफेडीच्या भागावर येतो. तेथे नवी नक्कल बसवावी लागेल, मुरमाच्या भरावास निराळी, आणि दोन्ही थर एकाच भरावात असतील तर दोन्ही करून पाहाव्या लागतील.